दिम म्हणजे धूर

लढाई संपली होती, पण कुवेतच्या तेलविहिरी जळतच होत्या. वारा उत्तरेचा असला की सौदीतल्या अल-खोबरमध्ये भर दुपारी दिवे लावावे लागायचे. हेमलताच्या सात वर्षांच्या क्षितिजाला मुळात दमा, त्यात हा धूर. एका सकाळी पोरीला धाप लागली, तशी तिच्या बाबांनी, चारुदत्तनं, दोघींना गाडीत घालून दवाखाना गाठला.

तिथली नर्स पोलंडची, हालिना. क्षितिजाला मास्क लावून तिनं खिडकीतून काळवंडलेलं आभाळ पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "दिम, दिम."

हेमलतानं चमकून वर पाहिलं. तिनं सांगलीला संस्कृतात एम.ए. केलं होतं. पण लग्न होऊन इथं आल्यावर पोळ्या आणि शाळेचे डबे यांतच ते सगळं विरून गेलं होतं.

"दिम म्हणजे धूर का?" तिनं इंग्रजीत विचारलं. "आमच्या संस्कृतात धूम म्हणतात."

"योगायोग असेल," हालिना हसली.

"असेलही. एका शब्दावरून काही ठरत नाही. आणखी कुठे सापडतो का बघू."

हालिना विचारात पडली. तिची आजी लिथुआनियाची, ती धुराला 'दूमाय' म्हणे. वडील लॅटिन शिकवत, त्यात 'फूमुस'. "पण मग हा फ कुठून आला?"

हेमलताला एकदम एम.ए.च्या सरांचा फळा आठवला. "मूळ ध होता! शब्दाच्या आरंभी लॅटिननं त्याचा फ केला, तुम्ही द केलात, आम्ही ध तसाच ठेवला. ज्या भाषेतून हे सगळे निघाले, ती कुणी कधी लिहिलीच नाही. ग्रीकांनी तर त्याचा 'थूमोस' केला. म्हणजे उरातली धग, हिंमत."

"धुराची हिंमत झाली?" हालिना थक्क झाली.

एवढ्यात क्षितिजानं मास्क बाजूला सारला. "मम्मी, आय ॲम हंग्री!" धाप ओसरली होती. दोघी खळखळून हसल्या.

परतताना चारुदत्त म्हणाला, "किती वर्षांनी तुला असं बोलताना ऐकलं, हेमा."

"मला पुन्हा शिकायचंय," ती म्हणाली. आपणच बोललो यावर तिचा क्षणभर विश्वास बसेना.

त्या उन्हाळ्यात सुट्टीवर सांगलीला गेल्यावर सामानही न सोडता ती सरांच्या घरी पोचली. सर थकले होते, पण त्यांनी ओळखलं.

"पीएचडी? आत्ता?"

"आत्ताच, सर."

"मग बस," ते म्हणाले, आणि त्यांनी आतल्या खोलीत हाक मारून चहा सांगितला.