बेटावरच्या वर्गातली माझी जागा

"हिंदी, ऊठ. गहवा ओत. बापाच्या हाताला चव आहे, तुझ्याही असणारच."

असं म्हणून त्याने पितळेची किटली माझ्या मांडीवर ठेवली. किटली गरम होती. तंबूतले सगळे हसले. आमचे मिसरी, म्हणजे इजिप्तचे, प्राध्यापक हसले. शहरातून आलेला पाहुणा, कोणी बडा अधिकारी, तोही हसला. मीसुद्धा हसलो. तेच जास्त झोंबतं.

बोलणारा माझ्याच वर्गातला. अरबाबचा धाकटा मुलगा. अरबाब म्हणजे मालक. माझे बाबा त्याच्या वडिलांच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, रोज संध्याकाळी गहवा ओतायचे. वेलदोडा घातलेली कडू कॉफी. कुवेतच्या निम्म्या बड्या लोकांनी ती बाबांच्या हातून प्यायली असेल. बाबांचं नाव किती जणांना ठाऊक होतं, देव जाणे.

तेलाचा पैसा आला आणि कुवेतमध्ये विद्यापीठ उभं राहिलं. बाहेरच्या देशांतल्या पोरांना जागा मूठभर. त्यासाठीही एखाद्या कुवेती माणसाला शब्द टाकावा लागायचा. मी लहानपणापासून अरबी शाळेत शिकलेला, मार्क चांगले. तरी शब्द लागलाच. अरबाबने टाकला. हिवाळ्यात आमचा इतिहासाचा वर्ग फैलका बेटावर भरायचा. सालमियाच्या धक्क्यावरून लाँच सुटायची. बेटावर तंबूत राहायचं आणि मातीखाली गाडलेलं जुनं शहर उकरताना शिकायचं. देवळाचे दगड, भाजलेली मडकी, कुणा ग्रीकाने कोरलेली अक्षरं. त्या मातीत हात घातला की माझी तहानभूक हरपायची. मला तो वर्ग हवा होता. जिवापाड हवा होता.

म्हणून मी गप्प राहायचो. वर्गात मला नाव नव्हतं, मी हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी. पाण्याचा ड्रम कोण भरेल? हिंदी. गाद्या कोण गुंडाळेल? हिंदी. कोणी हुकूम सोडत नव्हतं, ते आपोआप माझ्याकडे यायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं. फक्त इथे तोंड मीच माझ्या हाताने दाबून धरलं होतं.

त्या दिवशीही मी उठलो. खोटं कशाला सांगू? डाव्या हातात किटली, उजव्यात फिंजान, म्हणजे बिनकानाचे चिमुकले पेले. कोणी शिकवायची गरज नव्हती, दहा वर्षांचा असल्यापासून बाबांना बघत होतो. आधी पाहुण्याला. मग पुढच्याला. पेला कधी काठोकाठ भरायचा नाही. पिणारा पेला हलवून पुरे म्हणत नाही तोवर पुन्हा ओतायचं. आणि ओतणाऱ्याने उभं राहायचं. बसायचं नाही. त्याने आपला घोट शेवटी, आत जाऊन, कुणाला न दिसता घ्यायचा.

पाहुणा झाला, प्राध्यापक झाले. मग रांगेने पोरं. एकाला दिलं, दुसऱ्याला दिलं, आणि मी थांबलो. पुढे चटईवर रिकामी जागा होती. माझी जागा. दोन पोरांच्या मधली. आता इथे कोणाला ओतू?

मला माझे आजोबा आठवले. आमच्या खाडीकाठच्या गावात ते खोताची होडी वल्हवायचे. वेठीने, फुकट. आजोबा थकले तसं खोताने तेच वल्हं बाबांच्या हातात दिलं. तुला जमेल का, करशील का, कोणी विचारलं नाही. बापाचं होतं ना, मग पोराचंच. बाबा एका गलबतातून पळाले ते कुवेतला. वाटलं, सुटलो. आणि इथे त्यांच्या पोराच्या मांडीवर किटली. वल्ह्याची किटली झाली होती, एवढाच काय तो फरक.

मी बसलो. माझ्या जागेवर, मांडी घालून. किटलीतून माझ्यासाठी ओतलं, सगळ्यांदेखत प्यायलो. कडू. चांगलं होतं. मग किटली अरबाबच्या मुलासमोर सरकवली आणि रिकामा पेला पुढे केला.

"आता तुझी पाळी. ओत."

पाहुणा तंबूच्या खांबाकडे बघू लागला. अरबाबच्या मुलाचे कान लाल झाले.

प्राध्यापक हळूच म्हणाले, "तू थकलायस. बाहेर जा."

"मी थकलो नाही, उस्ताद. मी इथे शिकायला आलोय."

दुसऱ्या दिवशीच्या लाँचने मला परत धाडलं.

माझ्याआधी बातमी घरी पोचली होती. अरबाबचा निरोप साधा होता. शुक्रवारी दिवाणियात यावं, सगळ्यांसमोर एक फेरा गहवा ओतावा, माफी मागावी. मग शब्द कायम. नाहीतर शब्द मागे.

बाबा म्हणाले, "एक फेरा ओतलास तर तुजा हात झडनार हाय काय?"

"नाही झडणार. पण मग तो हात त्यांचा होईल."

"माज्या कामाला नावं ठेवू नको. त्या कामावर तू मोटा झालास."

"कामाला नाही ठेवत, बाबा. तुम्ही ओतता त्याची मला लाज नाही. तुम्ही ओतता म्हणून मीही ओतायचं, हे मला मान्य नाही. खोताला सोडून समुद्र ओलांडलात ना? मग इथे आणखी एक खोत कशाला धरलात?"

बाबांनी माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग तोच हात मांडीखाली घालून बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. मला रडू आलं. मारल्याचं नाही. माझं बोलणं त्यांना लागलं होतं, आणि ते मला मागे घ्यायचं नव्हतं.

शुक्रवारी मी गेलो नाही. बाबा गेले, नेहमीसारखे उभे राहिले, शेवटच्या माणसापर्यंत ओतलं. बैठक उठल्यावर त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. पुढे सालमियात गावच्याच एका माणसाच्या खाणावळीत ते भात शिजवायला लागले. माझ्याशी कामापुरतं बोलायचे. त्यांच्या डोळ्यांत धूर जायचा, ते बघून मला फार वाईट वाटायचं. आजही वाटतं. पण मी बसलो त्याचा पश्चात्ताप मला एक क्षणही झाला नाही.

अरबाबने शब्द मागे घेतल्यावर प्राध्यापकांनी मला विद्यापीठाच्या व्हरांड्यात गाठलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता.

"तू स्वतःहून नाव काढून घे. शुऐबा गावात बंदराचं काम चाललंय, तिथे दुभाष्याची नोकरी लावून देतो. पगार चांगला आहे. गाजावाजा होणार नाही."

"गाजावाजा होऊ दे, उस्ताद. मला काढायचं तर वर्गात उभं राहून काढा. आणि काय गुन्हा केला, तेही सगळ्यांना सांगा."

ते पाठ फिरवून निघून गेले. काय सांगणार होते? पोरगा आपल्या जागेवर बसला, हा गुन्हा?

त्यानंतरच्या लाँचच्या दिवशी मी वळकटी घेऊन सालमियाच्या धक्क्यावर गेलो. वर्ग आधीच चढला होता. अरबाबचा मुलगा लाँचवर चढायच्या फळीवर आडवा उभा राहिला.

"ही लाँच विद्यार्थ्यांची आहे."

"म्हणूनच आलो."

त्याच्या बाजूने वाट काढून मी आत गेलो. शेजारची दोन पोरं उठून पलीकडे गेली. जाऊ देत. माझ्या वाट्याला ऐसपैस बाक आला. इंजिन सुरू झालं.

मला ज्याला उतरवायचं असेल त्याने हाताला धरून उतरवावं. भरदिवसा, सगळ्यांसमोर. मी आपल्या पायांनी उतरणार नाही. त्या दिवशी नाही, आज नाही, कधीच नाही.