पाठकोऱ्या कागदावरचं पायथन

आईच्या शिवणकामाच्या दुकानासाठी संगणकाची भाषा निवडायला मला तीन आठवडे लागले. प्रोग्रॅम अजून व्हायचा आहे.

आई शनिवार पेठेत ब्लाउज शिवते. प्रत्येक गिऱ्हाइकाची मापं वेगळ्या कागदावर, सगळे कागद एका खोक्यात. लग्नसराईच्या तोंडावर मी जाहीर केलं, दुकानातल्या संगणकावर प्रोग्रॅम करते. नाव टाकलं की मापं समोर. (प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. पण बड्या कंपन्यांविरुद्धच्या चळवळीची पत्रकं लिहिते, म्हटलं हेही लिहिणंच.) टाइप करायला म्हणून कागदांचा गठ्ठा घरी आणून प्रिंटरशेजारी ठेवला.

मावसभाऊ निखिलदादा आयटीत आहे. तो म्हणाला, "सी शार्प घे. बटणं माऊसने ओढून ठेवायची. नवशिक्याला बरं."

"ती एका बड्या कंपनीने काढलीय."

"मग पायथन घे. सोपं आहे."

"सोपं म्हणून? कुणा कंपनीच्या मालकीचं नाही, या तत्त्वासाठी नाही?"

"अगं, मावशीची चाळीस गिऱ्हाइकं. कशातही कर. पण कर."

ही वृत्तीच आपल्याला नडते! मी पायथनच्या बाजूने पत्रकच काढलं: 'दुकानदारांनो, भाषा विचारपूर्वक निवडा. गिऱ्हाइकाची खासगी माहिती चव्हाट्यावर येऊ देऊ नका.' आमच्या गटाचा नियम कडक: कोरा कागद वाया घालवायचा नाही, पत्रक पाठकोऱ्यावरच छापायचं. प्रिंटरशेजारी गठ्ठा होताच. चाळीस प्रती काढल्या, सकाळी आमच्या गल्लीतल्या दुकानांत वाटल्या.

दुपारी आईचा फोन. "लेले काकू आल्यात. लेकीचं लग्न चार दिवसांवर, सहा ब्लाउज. ती बंगळुरूहून येणार आदल्या रात्री. तिच्या मापाचा कागद आण, आत्ता कापायला घेते."

प्रिंटरशेजारी काही नव्हतं. पिशवीत एक पत्रक उरलं होतं, ते उलटं केलं. पुढे 'खासगी माहिती'. मागे 'जोशी वहिनी, कंबर छत्तीस, मागचा गळा खोल'.

धावत इस्त्रीवाल्यांकडे गेले.

"काका, सकाळचं पत्रक..."

"ते मापांचं? कुणाचं हवंय?"

"लेल्यांचं."

"ते चष्मेवाल्या नानांकडे. ज्याच्या ओळखीचं त्याच्याकडे, अशी आम्ही अदलाबदल केली."

नानांनी ड्रॉवरमधून कागद काढला. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला. "घडी घातलेली नाही," ते म्हणाले. "लग्नघरचा कागद आहे."

"नाना, पुढची बाजू वाचलीत?"

"पुढे काही होतं का?"

दुकानात पोचले तेव्हा आई कात्री घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. लेले काकूंनी कागद हातात घेतला, मापं तपासली, मग उलटून माझं पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. माझे कान तापले.

"मुद्दा बरोबर आहे हो तुमचा," काकू म्हणाल्या. "खासगी माहिती फारच चव्हाट्यावर येते हल्ली."

ब्लाउज वेळेत झाले. आईने सगळी मापं एका वहीत उतरवली आणि ती वही माझ्यापासून कुलपात असते. संध्याकाळपर्यंत वाटलेले सगळेच्या सगळे कागद परत आले, एकालाही चहाचा डाग नाही. पाच वर्षं चळवळीत आहे. माझं पत्रक लोकांनी इतकं जपून ठेवल्याची ही पहिलीच वेळ.