टोपल्याले खुर्ची

माह्या टोपल्याले खुर्ची देली होती त्याहिनं. मले नाई. टोपल्याले.

शाळेत सभा होती. समोर टेबल, टेबलावर हिरवं कापड, टेबलामागं चार खुर्च्या. एकीवर वकीलसायेब, एकीवर देशमुख, एकीवर हेडमास्तर. चौथ्या खुर्चीवर माहं टोपलं. त्यात माह्या मळ्यातले वांगे, मुळे, सांबाराच्या, म्हंजे कोथिंबिरीच्या, जुड्या. वरून झेंडूचा हार घातलेला. झेंडूही माहाच. अन् मी कोठी? दारापाशी, लोकं चपला काढतात तठी, उभी.

लोकं टोपल्याकडं पाहत अन् वाहवा करत. मलेही बरं वाटलं, खोटं काहून बोलू? सकाळी एक एक वांगं पदरानं पुसून रचलं होतं म्या. आदल्या दिवशी वकिलीनबाईनं सांगतलं होतं, "माळीणबाई, उद्या शाळेत सभा आहे, तुझी चांगली भाजी घेऊन ये. सगळ्यांना दाखवायची आहे." अन् मास्तरानं सांगतलं होतं, पोट्ट्याईच्या मायबापानं सभेले या लागते. मले वाटलं, एका फेरीत दोन कामं होतात. भाजी दाखवू अन् पोराच्या शाळेचंही ऐकू.

आमच्या गावात मिडल शाळा दोन. गाव अंजनगावच्या वाटेवर, कपाशीच्या काळ्या वावराईच्या मधात. एक शाळा पेठेत, वकील-देशमुख-सावकाराच्या घराईजवळ. दुसरी बजारात, आमच्या लोकाईची. माळी, कुनबी, तेली, सारे. दोन्ही सरकारी पैशाच्या, दोन्हीत पाचवीपासून इंग्रजी. माहा मोतीराम बजारातल्या शाळेत सहावीत होता. तो रांगत होता तवाच त्याचा बाप गेला. एकरभर मळा, एक इहीर, मी अन् हे पोट्टं. बस.

मोतीरामले टेसनमास्तर व्हाचं होतं. मी अंजनगावले भाजी नेली का पोट्टं टेसनावरच्या पाटीपुढं उभं. इंग्रजी पाटी. बोट लावून एक एक अक्षर वाचे अन् म्हने, "माय, हे पाह्य, गावाचं नाव हाय." मले ते सारे अक्षरं मेथीच्या काड्यावानी दिसत. पन पोट्टं वाचे, अन् माही छाती अशी भरून ये का काय सांगू! हिरवं निशान कवा दाखवाचं, लाल कवा, सारं त्याले मालूम. मास्तरानं मले समजून सांगतलं होतं, टेसनमास्तर व्हाचं तर मॅट्रिक पायजे. मॅट्रिक व्हाचं तर अमरावतीच्या हायस्कुलात जा लागते. अन् तठी इंग्रजीबिगर कोनी दारातही उभं करत नाई.

म्हनून इंग्रजी. मले काई इंग्रजीचा सोस नव्हता.

तर सभा. वकीलसायेब शाळा कमेटीचे चेअरमन. ते उठले. पुन्याकडची बोली त्याहिची, गोड, तूप लावलेली. म्हनले, "बाजारातल्या शाळेतली मुलं इंग्रजीत टिकत नाहीत. दोष त्यांचा नाही. घरी वातावरण नाही. मग त्यांच्यावर हे ओझं का लादायचं? यापुढे त्या शाळेत शेतकी आणि बागकाम शिकवू. इंग्रजीचे दोन्ही मास्तर पेठेतल्या शाळेत आणू. सगळ्यांचंच भलं होईल."

सतरंजीवर चुळबूळ झाली. आमच्या शेजारचे सुखदेवभाऊ उठले. कुनबी मानूस, नाकासमोर चालनारा, त्याचाही पोरगा मोतीरामच्या वर्गात. हात जोडून म्हने, "सायेब, आमच्या पोराले नापास करा. पन शिकवा तर खरं."

सारे हासले. वकीलसायेबही हासले. सुखदेवभाऊ हासले नाई.

आमच्यातलाच एक म्हतारा उठला. म्हने, "कापूस येचाच्या दिवसात पोट्टे घरी पायजेत. शेतकी शिकन तर बरंच हाय. इंग्रजी शिकून वावरात पाय ठेवत नाईत हे." त्याचंही काई खोटं नव्हतं. त्याचा मोठा पोरगा दोन बुकं शिकून अकोटच्या कापसाच्या जिनात गेला तो गेलाच, बापाले तोंड दाखवत नाई.

मंग देशमुख बोलले. बसल्या बसल्या, पाय हालवत. "सारेच बाबू झाले तर वखर कोन धरन?"

मागून कोनीतरी म्हनलं, "तुमचा पोरगा धरन का?"

"कोन बोललं रे ते?" देशमुखानं मान वर केली. ज्याच्या त्याच्या घरी देशमुखाचं वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं. कोन तोंड उघडन? सुखदेवभाऊही खाली बसले.

तवा वकीलसायेबाची नजर दाराकडं आली. "त्या बाईंना पुढे येऊ द्या."

मी पुढं गेली. पदर सावरत, मान खाली घालून. खुर्चीच्या बाजूले उभी राहिली. टोपलं बसलेलं, मी उभी. आता आठवते तर अंगाची लाही होते. तवा काईच वाटलं नाई.

"बाई, ही भाजी तुमची?"

"हाव."

"तुमच्या हातची?"

"हाव जी."

"मग मला एक सांगा. तुमचं हे काम हलकं आहे का?"

आता तुमीच सांगा, काय म्हनाचं होतं म्या? चार लोकं पाहून राहिले. माहे भाऊबंद पाहून राहिले. बाजूले माहेच वांगे, सकाळी पुसलेले. मानूस गेल्यावर याच मळ्यानं मले जगवलं. सासऱ्यानं याच इहिरीवर मोट हाकली. त्या कामाले मी भर सभेत हलकं म्हनू? जीभ झडली नसती माही?

म्या ताठ मानेनं सांगतलं, "हलकं काहून असन?"

"वा! मग तुमच्या मुलानं हेच काम शाळेत शिकलं तर तुम्हाला कमीपणा वाटेल?"

"कमीपना कायचा?"

वकीलसायेब सभेकडं वळले. "ऐकलंत? ही खुद्द आईच सांगते आहे. बाजार भागाची हरकत नाही." टाळ्या पडल्या. हात वर झाले. कोनाचे झाले, किती झाले, मले दिसलं नाई. मी अजून तठीच उभी होती, हासत. हाव, हासत होती मी. लोकं टाळ्या वाजवून राहिले होते ना!

सभा उठली. चपराश्यानं टोपलं उतरवलं. वांगे देशमुखाकडं, मुळे वकिलाकडं, सांबार हेडमास्तरकडं. हार तेवढा मले देला, अन् रिकामं टोपलं. बाहेर सुखदेवभाऊ भेटले. म्हने, "अवो बाई, काय बोलून बसल्या तुमी!" म्या म्हतलं, काय बोलली? म्हने, "इंग्रजी गेली ना पोराईची." तवा कोठी माह्या टाळक्यात उजेड पडला. त्यानं मले इंग्रजीचं इचारलंच नव्हतं. इंग्रजी हा शबूदही माह्यापुढं काढला नाई मेल्यानं.

घरी आली तर मोतीराम ओट्यावर बसलेला. त्याले बजारातूनच कळलं होतं. त्यानं मले एवढंच म्हतलं, "माय, तू हाव म्हतलं?"

पोट्टं रडलं नाई. रडलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी वकिलाच्या घरी गेली. मागच्या दारानं, जठून रोज भाजी देतो तठून. वकिलीनबाईले म्हतलं, सायेबाशी बोलाचं हाय. सायेब आले, खांद्यावर टॉवेल टाकून. म्या म्हतलं, "सायेब, काल माहं चुकून बोलनं झालं. मले पोराले इंग्रजी शिकवा लागते."

"चुकून कसं? सगळ्यांसमोर बोललीस." भरसभेत मी 'तुमी' होती, मागच्या दारात 'तू' झाली.

"तुमी कामाचं इचारलं, सायेब. इंग्रजीचं नाई इचारलं."

"ठरलं ते ठरलं आता."

"मंग पेठेतल्या शाळेत घ्या त्याले. माहं एकच लेकरू हाय."

"जागा नाही तिथे. आणि बाई, तुझ्या मुलाच्या भल्याचंच केलंय. उद्या तूच दुवा देशील." अन् गेले आत. वकिलीनबाई मुळ्याची जुडी हातात घेऊन उभी. म्हने, "कोथिंबीर घाल थोडी वरून." अन् म्या घातली. एवढं झाल्यावरही घातली, बाप्पा! हात सवयीनंच गेला.

मंग सुरू झाली ती नवी शाळा. शाळेमागं, पार पेठेतल्या शाळेच्या भिंतीपर्यंत, पडीत जागा होती. पोट्ट्याईनं ती खनली, आळे केले, पानी भरलं. दुपारून अर्धा अर्धा दिवस तेच. शेतकीचा मास्तर ठेवला, त्याले वांग्याचं रोप कोनतं अन् मिरचीचं कोनतं हे मोतीरामनंच दाखवलं. माहं पोट्टं जे चार वर्साचं असल्यापासून माह्यासंगं करून राहिलं, तेच शिकवाले शाळा. मी वाटेनं जाताना पाहो. पोट्टं उन्हात वाफ्यात बसलेलं, हातात खुरपं. पेठेतल्या शाळेच्या खिडक्यातून इंग्रजी कवितेचा आवाज ये. एका सुरात, सारे पोट्टे मिळून. मोतीरामच्या ओठाईकडं म्या पाह्यलं. अगोदर हालत होते. मंग हालनं बंद झालं.

तरी मी गप होती. मी कोन बोलनारी?

हिवाळ्यात एक दिवस भाजी घेऊन वकिलाच्या मागच्या दारी गेली. वकिलीनबाई म्हने, "आज नको गं. शाळेतली आली."

"शाळेतली काय आली?"

"भाजी. मास्तर पाठवतात ना कमिटीच्या घरी. छान असते, ताजी." अन् तिनं दाखवलं. सुपात वांगे. जांभळे, देठ हिरवा, काट्याचे. माह्याच मळ्याचं बी, मोतीराम पुडीत बांधून घेऊन गेला होता. मी डोये झाकून ओळखीन ते वांगं. देशमुखाकडं गेली, तठीही तेच. हेडमास्तरकडं तेच.

रस्त्याच्या मधात मी टोपलं खाली ठेवलं अन् उभीच राहिली. माह्या पोराची इंग्रजी काढून घेतली. त्याच्या हातात खुरपं देलं. त्या खुरप्यानं पिकवलेली भाजी फुकटात खाऊन राहिले, अन् त्याच्या मायचं टोपलं दारातून वापस. अन् हे सारं कोनाच्या होकारानं? माह्या! माह्या कामाचा मान केला म्हने. अरे, मान केला का फास लावला रे? माह्या अंगात असा राग कधीच आला नव्हता. मानूस मेला तवाही नाई.

तशीच शाळेत गेली. मागं, बगीच्यात. मोतीराम उकिडवा बसून निंदत होता.

म्या म्हतलं, "ऊठ."

शेतकीचा मास्तर धावत आला. "बाई, काय हे! शाळेचा टाइम आहे."

"शाळेचा टाइम हाय तर शिकवा."

"शिकवतोच आहोत ना."

"हे मी शिकवलं त्याले. तुमी काय शिकवलं ते सांगा."

सारे पोट्टे खुरपे थांबवून पाहून राहिले. मोतीराम उठला. त्यानं खुरपं पुसलं, जाग्यावर ठेवलं. शिस्तीचं पोट्टं. मी त्याचं मनगट धरलं अन् फाटकाबाहेर नेलं. माहा आवाज पेठेपर्यंत गेला असन. जावो.

तुमाले वाटन, मंग काईतरी चांगलं झालं असन. काई नाई झालं. वकिलाचं, देशमुखाचं, हेडमास्तरचं, तिन्ही घरं मले बंद. माहं पाहून आनखीन चार-पाच जनानं पोट्टे काढले, सुखदेवभाऊनंही काढला. मले वाटलं, आता कमेटी घाबरन, इंग्रजी वापस देईन. कायची घाबरते! दोन वर्सात बाकीचे पोट्टेही एकेक करून निघाले. मोतीराम आता मळ्यात असतो. मोट हाकतो. चांगली हाकतो. परवा अंजनगावले गेलो तर टेसनाकडून गेलो आमी, अन् तो पाटीकडं पाहालाही थांबला नाई. म्या म्हतलं, "वाच ना बाबू." म्हने, "चाल माय, ऊन झालं." बस एवढंच. त्याचं वय गेलं आता. ते अक्षरं वापस येनार नाईत, मले कळते ते.

अन् उद्या पुन्हा सभा हाय. बजारातल्या शाळेत पोट्टेच राहिले नाईत, म्हनून ती शाळाच बंद कराची म्हने. सहावी, सातवी, सारंच. आधी शाळेतलं शिकनं काढलं, त्यानं पोट्टे निघाले, अन् आता पोट्टे नाईत म्हनून शाळा काढून राहिले. दवंडी फिरली. वकिलाचा मानूस काल माह्या दारी आला होता. म्हने, "सायेबांनी सांगितलंय, मागचं विसरा. तुम्ही सभेत दोन शब्द बोलाल तर बरं. लोक तुमचं ऐकतात."

हाव. माहं ऐकतात. म्हनूनच तर आला.

म्या तीन दिवस घरोघर फिरून सांगतलं, हात वर करू नोका. माळ्याईत गेली, कुनब्याईत गेली, तेलीआळीत गेली. कोनी म्हने, देशमुखाचं वावर हाय, कसं करू? कोनी म्हने, पोट्टं तर आता कामाले लागलं, शाळा राहिली काय अन् गेली काय. तो म्हतारा म्हने, बाई, तुहंच तोंड तुले भोवलं, आता गप बस. सुखदेवभाऊ येतो म्हनले. त्याहिची बायको दारातून मले हातानं नाई-नाई करून राहिली होती. मले तिचा राग आला नाई.

मी उद्या जाईन. टोपलं नेनार नाई, हात हालवत जाईन. दारापाशी नाई, सतरंजीच्या मधात बसीन, अन् कोनी उठ म्हनलं तर उठनार नाई. माहं कौतुक कराले बोलावलं तरी उठनार नाई. हात वर करा म्हनलं का मी उभी राहून नाई म्हनीन. एकटी असली तरी म्हनीन, पुन्हा म्हनीन, त्याहिच्या कानात शिरेपर्यंत म्हनीन.

शाळा बंद होईन. मले मालूम हाय. पन या खेपेले माह्या तोंडून होनार नाई.