बरणीतले दुधाचे दात

डॉ. जालमसिंग पावरा सरांची आणि माझी पहिली ओळख कोंबडीच्या हाडावरून झाली, आणि ती काही गोड नव्हती. मी शहाद्याच्या बाजारपेठेतल्या एका जैन किराणा दुकानदाराची नात. कांदा-लसूणही न येणाऱ्या घरातली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी जीवरसायनशास्त्राचा पेपर मोठ्या हौसेने घेतला, आणि पहिल्याच प्रात्यक्षिकाला सरांनी प्रत्येकाच्या टेबलावर उकळून साफ केलेलं एकेक हाड आणून ठेवलं. ते आम्लात टाकायचं होतं. मी हात मागे घेतला.

"काय झालं?"

"सर, मी हाडाला हात लावत नाही."

"मग हाड कसं बनतं ते कशी शिकणार?" एवढंच विचारून सर पुढच्या टेबलाकडे गेले. सरांचं बोलणं तेव्हाही असंच होतं, मोजकं आणि तोंडावर.

मला एम.एस्सी. करायचं होतं आणि हा पेपर सोडला की ती वाट बंद होती. घरात शब्द चालायचा तो आजोबांचा, म्हणजे दादाजींचा. ते म्हणाले, "सोडून दे. पदवी मिळते ना, पुष्कळ झालं." पुढचं कोणी विचारलंही नाही. आमच्याकडे स्थळं बघायला सुरुवात झालीच होती.

दुसऱ्या आठवड्यात सर संध्याकाळी दुकानात साखर घ्यायला आले. सर मूळचे धडगावकडचे. घरी पावरी बोलतात, वर्गात मराठी, आणि बाजारात आमच्यासारखी अहिराणी. मी आत तांदूळ निवडत बसले होते. सरांनी माझा विषय काढताच दादाजी म्हणाले, "पोर हुशार शे, माले माहीत शे. पन हाडले हात लावानं आमना घरमा चालत नही."

"आपला आपला मरेल ढोरनं हाड ऱ्हायनं तरी?"

"तरी नही."

आपोआप मेलेल्या जनावराचं हाडसुद्धा चालणार नव्हतं, तरी सरांनी वाद घातला नाही. साखरेची पुडी बांधून होऊ दिली. मग म्हणाले, "शेठजी, घरमा पोरंसना दुधना दात पडतस, त्यासनं काय करतस?"

"कौलवर फेकतस. नहीतर उंदीरना बिळमा टाकतस."

"हात लावतस ना त्यासले?"

"लावतस. त्यामा कसानी हिंसा?"

"मंग झायं," असं म्हणून सर साखर घेऊन निघून गेले. आपण काय कबूल करून बसलो हे दादाजींच्या ध्यानात आलं असावं, पण दिलेला शब्द फिरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पुढच्या प्रात्यक्षिकाला माझ्या टेबलावर दुधाचा दात होता, सरांच्या पुतणीचा. काही दिवस आम्लात राहिल्यावर त्याचं पांढरं चकचकीत आवरण पार विरघळून गेलं. आतला भाग मात्र आपला आकार धरून होता, फक्त चिमट्याने दाबला की दबत होता. खनिज गेलं होतं, प्रथिन उरलं होतं. सरांनी मला समजावलं की हाडाचा आणि दाताच्या या आतल्या भागाचा सांगाडा एकाच प्रथिनाचा, कोलॅजेनचा असतो. त्यामुळे हाडावरून जे शिकायचं ते इथेही शिकता येतं, माझं काही बुडालेलं नाही.

पण मग वरचं आवरण पूर्णच का गेलं, असं मी विचारलं. सरांनी सगळ्या वर्गाला बस स्टँडजवळ चाललेल्या एका बांधकामावर नेलं. वर स्लॅब टाकत होते. "या सळया बघा. त्या आतच राहतात. हाडातलं प्रथिन तसं. आणि या सेंटरिंगच्या फळ्या. स्लॅब धरून ठेवतात, मग काढून टाकतात. दाताच्या आवरणातली प्रथिनं तशी. स्फटिकांना उभं राहायला जागा करून देतात आणि काम झालं की त्यांचे तुकडे होऊन ती निघून जातात. वेळेवर निघाली नाहीत तर आवरण कच्चं राहतं." गवंडी, मजूर सगळे ऐकत उभे राहिले होते. ठेकेदार मात्र वैतागला.

सरांचा आवडता प्रश्न त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ असेल. कॅल्शियम रक्तातून अंगभर फिरतं, मग आपला कान दगडाचा का होत नाही? उत्तर असं, की खनिज कुठे जमू द्यायचं नाही हेही काही प्रथिनंच बघतात. त्यांचं पुढचं सगळं संशोधन याच भोवती झालं. ते त्यांनी मोठ्या शहरात न जाता आपल्या जिल्ह्यात राहून केलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

त्यासाठी लागणारे दात सर स्वतः गोळा करत. सुटीच्या दिवशी एस.टी.ने डोंगरातल्या आश्रमशाळांत जायचे, मुलांचे दात तपासायचे, घासायला शिकवायचे आणि पडलेला दात मागायचे. एकदा मीही बरोबर होते. तोरणमाळच्या वाटेवरच्या शाळेतली एक चिमुरडी पावरीत काहीतरी म्हणाली आणि सरांनी हातातला दात तिला परत दिला. मी कारण विचारलं. सर म्हणाले, "उंदराला दिला नाही तर नवा कसा येईल, म्हणते. बरोबर आहे तिचं. पुढचा पडला तर देणार आहे." मुलांची समजूत मोडून त्यांचा दात घेणं सरांना कधीच मंजूर नव्हतं.

इकडे आमच्या दुकानात गोळ्यांची एक बरणी रिकामी होऊन तराजूशेजारी येऊन बसली. कोणी सांगितलं नव्हतं, दादाजींनीच ठेवली. गिऱ्हाईक पोराचा पडलेला दात तिच्यात टाकायचं आणि दादाजी त्या पोराला गूळ द्यायचे. शहाद्यात आमची बरीच चेष्टा झाली.

मी पास झाले. एम.एस्सी.साठी जळगावला जायचं होतं, पण दादाजींचा होकार नव्हता. त्याच उन्हाळ्यात त्यांचा दात पडला. सर दुकानात आले तेव्हा दादाजींनी कागदाची घडी पुढे केली. "सर, मन्हा बी पडना. आपला आपला पडना, कोनी पाडा नही. चाली का?"

"चाली. पन देखाले तुम्हीन येवानं."

पंधरा-वीस दिवसांनी दादाजी कॉलेजात आले. चपला त्यांनी प्रयोगशाळेबाहेर काढल्या. सरांनी चिमटा त्यांच्याच हातात दिला. दादाजींनी आपला दात दाबला, तो वाकला, सोडला तसा पुन्हा सरळ झाला. ते कितीदा तरी तेच करत राहिले.

"एवढं मऊ व्हतं का मन्हा दातमा?"

"त्या मऊवरच तो इतकी वर्षं उभा होता, शेठजी," सर मराठीत म्हणाले, वर्गात सांगतात तसं. "नुसता चुना असता तर केव्हाच भुगा झाला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना दादाजींनी मला विचारलं, जळगावची गाडी किती वाजता असते.

आज मी नंदुरबारला हाच विषय शिकवते. दादाजी आता नाहीत, बरणी माझ्या प्रयोगशाळेत आहे. गेल्या दिवाळीला सरांना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी कपाटातून कागदाची घडी काढून माझ्या हातावर ठेवली. "आपला आपला पडना," सर म्हणाले, "कोनी पाडा नही." आम्ही दोघंही हसलो, आणि मग मला रडूच आलं. सरांचा तो दात मी आम्लात टाकला. टाकला नसता तर सर रागावले असते.

सरांची पंचाहत्तरी पूर्ण होत आहे. त्यांनी शंभरी गाठावी, आणि ज्वारीची भाकरी नि भाजलेल्या शेंगा शेवटपर्यंत स्वतःच्या दातांनी खाव्यात. त्या उरलेल्या दातांना एवढंच सांगणं आहे, की मुळीच घाई करू नका. बरणीत जागा पुष्कळ आहे, पण आम्हाला तुम्ही तिथे नको आहात.