मावशीचं डोंगरावरचं घर

पनवेलजवळच्या नेरे गावाच्या पुढे डांबरी रस्ता संपला की पायवाट रानात शिरते आणि चढत चढत पठारावर जाते. त्या पठारावर एकच घर होतं. भिंती म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, त्याला माती लिंपलेली, जमीन शेणाने सारवलेली, वर कौलं. डोंगर चढायला येणारे त्याला 'मावशीचं घर' म्हणायचे. आम्ही नवीन पनवेलचे, कुणी ठाण्याचे, कुणी पुण्याचे, असे शनिवारी तिथे मुक्कामाला जायचो.

मुळात ते मुक्कामाचं ठिकाण नव्हतंच. मावशी आणि तिचा नवरा तिथे नाचणी-वरी पिकवून राहायचे. नवऱ्याला आम्ही सगळे बाबा म्हणायचो. मावशी सांगायची, "पयले दोघं आले, वाट चुकलेले. पानी मागलं. पानी दिलं, मंग भाकरी बी दिली. फुडल्या खेपेला तेच आनखी मानसं घेऊन आले." मग बाबांनी घराला लागून पडवी काढली. पुढे पडवीची पत्र्याची खोली झाली, सौर दिवा आला, कुणीतरी पाटी रंगवून दिली.

मी कॉलेजात असताना पहिल्यांदा गेले आणि पाय मुरगळून बसले. बरोबरचे सगळे उतरले, मी मावशीकडे राहिले. तिने आंबेहळदीचा लेप लावला, चुलीशेजारी बसवलं आणि माझ्याकडून लसूण सोलून घेतला. फार बोलायची नाही. पण पडवीत स्लीपिंग बॅगेत गुरफटून झोपलेली माणसं दाखवून म्हणाली, "बग, आळ्या कशा पडल्यात!" आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. त्यानंतर मी डोंगरासाठी कमी आणि तिच्यासाठीच जास्त जायला लागले. लग्न झाल्यावर नवऱ्यालाही घेऊन गेले. त्याला तिने पहिलं काय विचारलं असेल तर, "लसून सोलतोस का?"

काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरल्यावर, आम्ही असेच गेलो होतो. माणसं खूप होती. मावशी भाकऱ्या थापत होती, पण मधेच थांबून पोट दाबत होती. मी विचारलं तर म्हणाली, "चार दिस दुखतंय. सोमवारी खाली जाऊन दाखवीन. आज कशी जाऊ? येवढी मानसं आल्यात."

रविवारी सकाळी ती चुलीपुढून उठलीच नाही. अंग तापलेलं, ओठ पांढरे पडलेले. बाबांनी बांबू तोडून आणला, त्याला घोंगडी बांधली आणि तिला तिच्यात निजवलं. मुक्कामाला आलेले सगळेच पुढे झाले. आळीपाळीने खांदा देत, ओल्या दगडांवर पाय रोवत आम्ही उतरत होतो. मी घोंगडीची कड धरून बाजूने चालले होते. ती डोळे उघडायची आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणायची, "ठेवा मला खाली. पावन्यांना आसं राबवायचं काय?"

"मावशी, तू गप्प पडून राहा," मी म्हटलं.

"जेवले नाय गं कोन," ती म्हणाली.

पायथ्याला जीप मिळाली. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, बाबा पायांशी. नेरं मागे पडलं आणि थोड्या वेळाने माझ्या मांडीवरचं डोकं एकदम जड झालं. मला कळलं, पण पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगेपर्यंत मी काही बोलले नाही. बाबा तिच्या पायाला चिकटलेला चिखल अंगठ्याने काढत बसले होते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी पुन्हा वर गेले. बाबा एकटेच रांधत होते. पिठल्यात गुठळ्या, भाकरी करपलेली. पुण्याचा एक घोळका पाठीवरच्या पिशव्या उतरवत ओरडला, "मावशी कुठायत?"

"खाली गेलीय, बाजाराला," बाबा म्हणाले.

मी हातातला तांब्या तसाच धरून उभी राहिले. ते लोक पाण्यावर गेल्यावर विचारलं, "बाबा, असं का सांगितलंत?"

त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "किती जनांना सांगू, बाय? दर शनिवारी कोन ना कोन इचारतंच. सांगितलं का परत ती मरती. परत जीपमधी घालून न्यावं लागतं." पिठलं ढवळून म्हणाले, "बाजाराला गेली म्हनलं का बरं वाटतं. त्यांना बी, मला बी."

मी भाकऱ्या करायला बसले. मला तिच्यासारख्या जमत नव्हत्या.

पुढच्या पावसाळ्यात बाबांना ताप धरला, तेव्हा त्यांची मुलगी येऊन त्यांना खाली घेऊन गेली. ती नेऱ्याजवळ एका फार्महाऊसवर कामाला आहे. तिथेच बाबांनाही झाडांना पाणी घालायचं काम मिळालं. वरचं घर बंद झालं. पठाराच्या दुसऱ्या टोकाला आता रंगीत तंबूंच्या रांगा आहेत. शनिवारी तिथे स्पीकर लागतात, आणि येणाऱ्यांना आधी इथे कुणी राहत होतं हे ठाऊकही नसतं.

गेल्या हिवाळ्यात मी एकटीच वर जाऊन आले. उतरल्यावर बाबांकडे गेले. कलमांच्या आळ्यात पाइप सोडून ते सावलीत बसले होते. माझे मळलेले बूट बघून म्हणाले, "वर गेलती?"

"हो."

"कूड हाय का उभा?"

"नाही, बाबा. एका बाजूचा जरासा आहे. पत्रेही कुणी नेलेत."

त्यांनी मान हलवली. "दर साली लिपायला लागतो. मातीच ती. मानूस नसला का ऱ्हात नाय."

मी त्यांच्या शेजारी बसले. तेवढ्यात आळं भरून पाणी वाटेवर आलं. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पाइप पुढच्या झाडाला लावायला गेले.