आपली आज्ञाधारक

आमच्या दहावीच्या वर्गाचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. मराठीच्या बाई या महिन्यात निवृत्त होताहेत, म्हणून त्यावर फर्मान निघालं की प्रत्येकानं बाईंविषयी चार गोड ओळी पाठवाव्यात, त्यांची स्मरणिका काढू. दोन दिवसांत ज्ञानाचा दिवा, मायेची सावली, मातीचा गोळा आणि कुंभार, सगळं येऊन गेलं. मी काहीच पाठवलं नाही. बाईंनी मला आकार वगैरे दिला नाही. त्यांनी माझ्या वहीतले तीन शब्द खोडले, आणि ते मी आजतागायत पुन्हा लिहिलेले नाहीत. हे चार ओळींत बसणार नाही आणि गोड तर मुळीच होणार नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

मी नाशिक रोडला राहते आणि एका सरकारी कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसते. दिवसभर माझ्यासमोर अर्ज येतात. सविनय सादर, आपल्या कृपेची अपेक्षा, गरिबावर दया व्हावी. माझ्या आजोबांच्या वयाचा माणूस स्वतःच्याच नावावरच्या कागदासाठी खिडकीशी वाकतो, तेव्हा मला संताप येतो. त्या माणसाचा नाही, त्याला वाकायला शिकवणाऱ्यांचा येतो.

मलाही तेच शिकवलं होतं. आमचं गाव नाशिकपासून बसनं तासाभरावर. घरची फुलशेती, झेंडू आणि शेवंती. शाळा गावातच, पण दहावीपर्यंत. बाई नववीला आम्हाला आल्या. रोज नाशिक रोडहून दोन बस बदलून यायच्या. अंगानं काडी, आवाज मात्र असा की त्यांनी शिकवायला सुरुवात केली की शेजारच्या वर्गातली गणितं चुकायची. त्यांनी पहिल्याच आठवड्यात अर्जलेखन घेतलं. परीक्षेला पाच गुणांचा प्रश्न, गाईडातला मजकूर आम्हाला तोंडपाठ. मी झरझर लिहून वही पुढे केली. प्रयोगशाळा उघडी ठेवण्याबाबत मुख्याध्यापकांना अर्ज.

बाईंनी वही हातात घेतली. "प्रयोगशाळा कुणाची?"

"शाळेची."

"शाळा कुणासाठी?"

"आमच्यासाठी."

"मग आपल्याच वस्तूसाठी 'कृपया' कशाला?" त्यांनी तो शब्द खोडला. मग 'नम्र' खोडला. मग अगदी खालच्या 'आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी'वर त्यांचं पेन थांबलं. "तू आज्ञाधारक आहेस?"

सगळा वर्ग हसला, कारण मी तशी नव्हते. आदल्याच दिवशी मी वर्गप्रमुखाशी भांडले होते.

"मग खाली सही करून खोटं कशाला सांगतेस?" 'आज्ञाधारक' गेला.

एका मुलानं भीत भीत विचारलं, "बाई, मग परीक्षेत काय लिहायचं?"

"परीक्षेत गाईडातलं लिहा आणि पाच गुण घ्या. बाहेर माझं लिहा," बाई म्हणाल्या.

दसऱ्याच्या आधी झेंडूची तोडणी आली, तेव्हा मी रजेच्या अर्जात पोटदुखी लिहिली. गावातली निम्मी पोरं त्या आठवड्यात पोटदुखीनं आजारी पडायची. बाईंनी अर्ज परत दिला. ताकाला जायचं आणि भांडं कशाला लपवायचं, असं म्हणाल्या. मी खरं लिहिलं: घरी तोडणी आहे, माणसं कमी आहेत, तीन दिवस येणार नाही. बाईंनी दोनच दिवस मंजूर केले. मी तोंड फुगवलं तर म्हणाल्या, "तू खरं कारण लिहिलंस म्हणून मला त्याच्याशी भांडता आलं. पोटदुखीशी मी काय भांडणार होते?" तेव्हा मला ते काही कळलं नाही, फक्त एक दिवस बुडाला एवढं कळलं.

त्यांचा दुसरा हट्ट पोचेचा. अर्जाच्या दोन प्रती करायच्या, एक द्यायची, दुसरीवर 'मिळाला' म्हणून सही-शिक्का घ्यायचा, आणि तो घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. एकीनं बाहेर दार धरून उभं राहायचं, अशी आमची वर्षानुवर्षांची व्यवस्था. बाईंनी आम्हा पाचजणींना अर्ज लिहायला लावला. शाळेचे क्लार्क हसले, म्हणाले, "तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं की." तोंडी तर आमच्या आधीच्या मुलीही सांगत आल्या होत्या. आम्ही पोच मागितली आणि टेबलाशी उभ्या राहिलो. मधली सुट्टी संपली तरी उभ्याच. शेवटी त्यांनी शिक्का मारला, आणि पंधरवड्यात कडी बसली. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. बाई म्हणायच्या, "तुमचं दुधाचं वय गेलं. आता रडू नका, लिहा."

दहावीचा निकाल चांगला लागला. मला अकरावी सायन्सला नाशिकला जायचं होतं. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पांनी पेढे वाटले आणि संध्याकाळी ओट्यावर बसून जाहीर केलं, "बास झालं. लय झालं आता." एवढंच. का, ते नाही. माझा थोरला भाऊ त्याच रस्त्यानं, त्याच बसनं नाशिकच्या कॉलेजात जात होता, नापास होत होता आणि तरी जात होता.

दुसऱ्या दिवशी बाई निकालपत्रकं वाटायला शाळेत आल्या, तेव्हा मी धावत त्यांच्याकडे गेले. त्यांनी घरी येऊन आप्पांना समजवावं, एवढीच माझी मागणी. बाईंना गावात मान होता, आप्पा त्यांच्यासमोर टोपी नीट करायचे. बाई सरळ नाही म्हणाल्या.

"मी आले तर ते मला चहा देतील, 'हो बाई' म्हणतील, आणि मी बसमध्ये बसले की नाही म्हणतील. मग पुढच्या वेळी तू कुणाला आणणार? अर्ज कर."

"घरी? आप्पांना?"

"निर्णय त्यांनी दिलाय ना? मग अर्ज त्यांनाच."

मला त्यांचा भयंकर राग आला. माझं सगळं आयुष्य पणाला लागलं होतं आणि या बाई पाच गुणांचा प्रश्न घेऊन बसल्या होत्या! मी रडत घरी आले. कॉलेजात प्रवेश घ्यायला दहा दिवस उरले होते. दुसरं काही सुचेना, म्हणून त्याच रागात मी वहीची दोन पानं फाडली.

प्रति, वडील. विषय: अकरावीस प्रवेश घेण्याबाबत. पुढे मी गुण लिहिले, बसच्या वेळा लिहिल्या, सकाळी जाण्याआधी किती तोडणी करीन ते लिहिलं. शेवटी लिहिलं: परवानगी नाकारायची असल्यास कारणासह सात दिवसांत लेखी कळवावे. खाली नुसतं 'आपली मुलगी'.

आप्पा वाफ्यात ठिबकच्या नळ्या अंथरत होते. त्यांनी मातीचे हात धोतराला पुसले आणि उभ्यानं कागद वाचला. आधी हसले. मी दुसरी प्रत पुढे केली. "पोच द्या."

"आगं, मी काय कलेक्टर हाय का?"

"मिळाला म्हणून सही करा."

माझी आई चार सऱ्या पलीकडे होती. तिनं पदर तोंडाला लावला, हसू दाबायला. आप्पांनी सही केली. चेष्टाच वाटली त्यांना.

पण चेष्टेचा कागद त्यांनी फेकला नाही. तो त्यांच्या बंडीच्या खिशात राहिला. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "हे बघ, नाय म्हंजी नाय." मी म्हटलं, "लेखी द्या." तिसऱ्या दिवशी चुलते आले. "त्या बाईनं पोरी बिघडवल्या. उद्या ही बापाला कोर्टात खेचंल," म्हणाले. आप्पा त्यांच्यावरच खेकसले, का ते मला कळलं नाही. चौथ्या दिवशी आप्पांनी आईला सांगितलं, "तिला समजाव." आई म्हणाली, "काय म्हून समजावू, ते तरी सांगा," आणि भाकरी उलटली.

सातव्या दिवशी दुपारी आप्पा कागद घेऊन ओट्यावर बसले. माझ्याकडे पेन मागितलं. 'परवानगी देता येत नाही' एवढं एका दमात लिहिलं. पुढे 'कारण' लिहिलं आणि अडले.

"बस लांबची हाय," ते म्हणाले, पण लिहिलं नाही. भाऊ त्याच बसनं जायचा. "तोडणीला मानूस नाय," म्हणाले, तेही लिहिलं नाही. तोडणीचं मी आधीच लिहून दिलं होतं. मग बराच वेळ ते रस्त्याकडे बघत बसले. मला वाटलं, आता कागद फाडतील आणि 'मंजूर' म्हणतील. मी मनातल्या मनात जिंकले होते.

त्यांनी लिहिलं: 'मुलगी आहे.' खाली सही केली, कागद माझ्या हातात दिला आणि चप्पल न घालता शेताकडे निघून गेले.

त्या दोन शब्दांनी मला जे झालं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. थोबाडीत बसली असती तर परवडली असती. पण आप्पांविषयी एक सांगायलाच हवं. ते खोटं लिहू शकले असते. त्यांनी लिहिलं नाही.

कागद घेऊन मी बाईंकडे गेले. शाळेला सुट्टी होती, पण प्रवेशाचे दाखले द्यायला त्या आलेल्या होत्या. त्यांनी तो वाचला. मला वाटलं, आता तरी जवळ घेतील. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"निर्णय पटला नाही तर काय करतात? शिकवलंय मी."

"अपील."

"कुणाकडे?"

"वरिष्ठांकडे. पण घरात आप्पांच्या वर कुणी नाही, बाई."

"तुला कुणी सांगितलं?" एवढं म्हणून त्या पुढच्या मुलाचा दाखला लिहायला लागल्या.

मी परत येताना बांधावरच बसले. आप्पांच्या वर कोण? चुलते नाहीत. सरपंच नाहीत. आजोबा नव्हते. घरात पहाटे सगळ्यांत आधी उठणारं आणि रात्री सगळ्यांत शेवटी आडवं होणारं माणूस मला अर्जाच्या लायकीचं कधी वाटलंच नव्हतं. पोच देताना आई हसली, भाकरी उलटता उलटता माझ्या बाजूनं बोलली, तरी मला ती दिसली नव्हती. याची लाज मला आजही वाटते. बापाला मुलगी दिसत नाही म्हणून मी रडत होते, आणि मला आई दिसत नव्हती.

घरी आले, दोन प्रती केल्या. प्रति, आई. सोबत आप्पांचा कागद जोडला.

आई चौथी शिकलेली. ती गोठ्यात शेण भरत होती. तिनं हात धुतले, कागद उजेडाला धरला आणि अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचायला लागली. मी म्हटलं, "मी वाचून दाखवते," तर म्हणाली, "मला आलाय ना? मग मी वाचीन." आप्पांच्या ओळीशी आली. "का-र-ण. मु-ल-गी आ-हे." पुन्हा वाचलं, या वेळी सलग.

कागद घडी करून तिनं कमरेला खोचला आणि राहिलेलं शेण भरलं. मला वाटलं, संपलं. रात्री जेवणं झाल्यावर आप्पांसमोर तिनं तो काढला आणि माझ्याकडे पेन मागितलं. तोवर मी तिला कशावर सही करताना पाहिलं नव्हतं. आमच्या प्रगतिपुस्तकांवरसुद्धा आप्पांचीच सही असायची. तिनं आप्पांच्या ओळीखाली आडव्यातिडव्या अक्षरांत 'मंजूर' लिहिलं, ज ला उकार ऱ्हस्व दिला, आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"मला न इचारता?" आप्पा म्हणाले.

"तुम्हाला इचारलं व्हतं. तुम्ही लिवलं. आता मी लिवलं," आई म्हणाली. आप्पांनी ताटात हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले. पुढचे दोन महिने आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. नंतर बोलले. पण त्या दोन महिन्यांचं मी इथं गोड करून लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आई आणि मी नाशिकला गेलो. आईनं नेसणीचं नवं लुगडं काढलं होतं. कॉलेजच्या खिडकीशी ही रांग. आमचा नंबर आला तेव्हा आतल्या माणसानं फॉर्म पाहिला, आईची सही पाहिली आणि परत सरकवला.

"वडिलांची सही आणा. वडील नाहीत का?"

"हायेत की," आई म्हणाली. "शेतात हायेत."

"मग त्यांना घेऊन या."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं मला हातानं मागे सारलं. फॉर्म पुन्हा आत सरकवला, सहीच्या वर छापलेल्या शब्दावर बोट ठेवलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं अक्षर अक्षर लावून वाचलं. "पा-ल-क." मग त्या माणसाकडे सरळ बघून म्हणाली, "मी पालक नाय, असं लिहून द्या. मी जाते."

त्या माणसानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा सहीकडे, आणि शिक्का मारला.

आईनं बाईंना तोवर एकदाही पाहिलेलं नव्हतं.