बसायचा हुकूम

हवालदार काकांना कुणी खुर्ची दिली की राग यायचा. एक पाय गुडघ्याखालून लाकडी, तरी ग्रामपंचायत असो की आर्णीचं बसस्टँड, माणूस आपला ताठ उभा. फारच आग्रह झाला तर डोळे वटारून म्हणायचे, "मले बसाचा हुकूम नाही आला अजून." नवखा माणूस हसायचा. आम्ही गाववाले गुपचूप खुर्ची बाजूला सरकवायचो.

उभं राहायचा हुकूम मिळाला होता तो बर्फात. फौजेत असताना एका उंच चौकीवर ते अडकले, वाट बंद झाली आणि बदलीची माणसं येईनात. काकांनी जागा सोडली नाही. पाय बर्फानं खाल्ला. एवढीच हकिगत, तीही त्यांनी कधी पुरती सांगितली नाही. पोरांनी पायाचं विचारलं की म्हणायचे, "तो अजून ड्युटीवर हाये." पंधरा ऑगस्टला पाहुण्यांचं भाषण लांबलं तर मधूनच "विश्राम!" असं ओरडून पोरांना मोकळं करायचे. गुरुजींची पंचाईत व्हायची. मला मात्र हा माणूस त्यासाठीच आवडायचा.

त्यांच्या घरासमोर सुमनवहिनींचं घर. नवरा अपघातात गेला आणि दिरानं त्यांचं वावर कसायला मागितलं. वहिनींनी दिलं नाही. स्वतः बैल जुंपले, कपाशीतलं तण काढायला डवरा धरला. गाव कुजबुजलं, पण उघड कुणी बोललं नाही. पोळ्याला मात्र त्या जोडी सजवून, हातात कासरा धरून तोरणाखालच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि मानकरी अडले. त्यांनी तोरण तोडल्याशिवाय आमच्याकडे पोळा फुटत नाही, बैल घराकडे सुटत नाहीत.

"सूनबाई, बैल कोण्या माणसाच्या हाती दे. बाईमाणूस, त्यात पांढऱ्या कपाळाची! मी तोरण नाही तोडत."

हवालदार काका काठी टेकत वहिनींच्या बैलांपाशी गेले. "वावरात हे एकटी राबत होती, तवा कोठी गेलते तुमी? नका तोडू तोरण. आमी उभे हावो."

आणि उभेच राहिले. ऊन कलंडलं. बैल शिंगं झाडू लागले, बायका दारात ओवाळायची ताटं घेऊन खोळंबल्या. बैलांना घास भरवल्याशिवाय त्या दिवशी कुणी जेवत नाही, त्यामुळे साऱ्या गावाच्या पोटात कावळे ओरडत होते. काकांची मांडी थरथरताना पाहून मी खुर्ची आणली, तर मलाच शिवी मिळाली. शेवटी रांगेतूनच ओरडा झाला, "तोडा आता, नाही तं आमी चाल्लो घरी!" मानकऱ्यांनी तोंड फिरवून तोरण तोडलं.

काका वहिनींच्या बैलांमागून त्यांच्या दारापर्यंत चालत गेले आणि मगच ओट्यावर बसले. लाकडी पाय काढला तर आतलं फडकं रक्तानं भिजलेलं. वहिनी पाणी घेऊन धावल्या. "माहं राहू दे," काका म्हणाले, "पयले बैलं ओवाळ."

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांना तिरडीवर आडवं पाहून मला रडू आवरलं नाही. असं पडलेलं त्यांना मी कधी पाहिलंच नव्हतं.

यंदा पोळ्याला वहिनी रांगेत एकट्याच उभ्या होत्या. मानकरी फार गोड बोलले. "सूनबाई, उन्हात कायले उभी राह्यतं? कासरा दे कोणाले तरी. हे पाह्य, तुह्यासाठी खुर्ची आणली."

वहिनींनी खुर्चीकडे पाहिलं, कासऱ्याचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला आणि म्हणाल्या, "मले बसाचा हुकूम नाही आला अजून."